जनरेटरची बारमाही निगा

खंडेनवमीच्या दिवशी उद्यमबागेत कोणत्याही शेडमध्ये डोकावले तरी मन प्रसन्न होते. लेथ, ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर, प्रेस, सगळी यंत्रे धुऊन पुसून लख्ख केलेली असतात. त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. ज्या हत्यारावर आपले पोट चालते त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे.

शाळेतल्या जनरेटरलाही त्या दिवशी माळ मिळते. पण नंतर काय होते? कापड झाकून तो कोपऱ्यात उभा राहतो आणि ज्या दिवशी करंट जातो त्या दिवशी त्याची आठवण होते. मग दोरी ओढून ओढून हात दुखतो, चोक पुढे मागे होतो आणि कोणीतरी म्हणते, "परवापर्यंत तर चालू होता!" हा परवा सहसा चार-सहा महिन्यांपूर्वीचा असतो.

रोज चालणारे यंत्र आपले दुखणे रोज सांगते. कधीतरी चालणारे यंत्र मात्र नेमके गरजेच्या वेळी दगा देते. म्हणून जनरेटरची पूजा वर्षातून एकदा केली तरी निगा बारा महिने राखली पाहिजे. ती कशी राखावी, हे विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी या तिघांनाही कळावे, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. येथे आपण पेट्रोलवर चालणाऱ्या, दोघांनी उचलून नेता येणाऱ्या लहान जनरेटरचाच विचार करणार आहोत. मोठ्या डिझेल जनरेटरचे शास्त्र तेच असले, तरी त्याची कामे त्याच्या मिस्त्रीकडेच सोपवावीत.

आत नेमके काय चालते?

जनरेटर म्हणजे एकाच चौकटीत बसवलेली दोन यंत्रे. एक इंजिन आणि दुसरा अल्टरनेटर. इंजिन पेट्रोल जाळून दांडा फिरवते. त्या दांड्यावर चुंबक बनणारा भाग फिरतो आणि त्याच्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले हे तत्त्व. वरच्या वर्गातील विद्यार्थी ते विज्ञानाच्या तासाला शिकतातच.

आपल्या देशात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. त्यासाठी बहुतेक लहान जनरेटरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ५० फेरे आणि तासाला १,८०,००० फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते, म्हणजे तासाभरात ९०,००० वेळा. हे सगळे कशाच्या आधारावर चालते? जेमतेम अर्धा ते एक लिटर तेल, हाताच्या पंजाएवढा हवेचा फिल्टर आणि बोटाएवढा एक प्लग. या तिन्हींकडे लक्ष दिले की निम्म्याहून अधिक काम झाले असे समजावे.

उद्यमबागेची हवा आणि हवेचा फिल्टर

पेट्रोल जळायला हवा लागते आणि इंजिन ती भोवतालातून ओढून घेते. आता आपल्या भोवतालची हवा कशी आहे ते पाहा. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, कास्टिंग साफ करणारी आणि घासणारी वर्कशॉप आहेत. मोल्डिंगची वाळू, लोखंडाचा बारीक कीस आणि खानापूर रस्त्यावरच्या वाहनांची धूळ या हवेत मिसळते. फौंड्रीतली वाळू ही सिलिकाची असते आणि ती लोखंडालाही ओरखडे पाडते. अशी वाळू सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन तेल जाळू लागते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. त्यानंतरचा खर्च मोठा असतो.

उत्पादकांच्या पुस्तिकेत साधारणपणे दर ५० तासांनी किंवा तीन महिन्यांनी फिल्टर साफ करावा असे लिहिलेले असते आणि त्यापुढे "धुळीच्या ठिकाणी अधिक वेळा" अशी सूचना असते. आपण धुळीच्याच ठिकाणी राहतो. तेव्हा आपण तो दर महिन्याला पाहावा.

स्पंजाचा फिल्टर असेल तर तो कोमट पाण्यात साबण घालून हलक्या हाताने धुवावा, पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि सावलीत पूर्ण वाळू द्यावा. मग त्यावर इंजिन तेलाचे थोडे थेंब सोडून सगळीकडे पसरवावेत आणि जास्तीचे तेल दाबून काढावे. या तेलकट स्पंजातच धूळ अडकते. कागदी फिल्टर असेल तर तो धुऊ नये. हलकेच आपटून धूळ झाडावी आणि फाटला किंवा काळा पडला असेल तर बदलावा. फिल्टर कधीही पेट्रोलने धुऊ नये, आग लागण्याचा धोका असतो. "आजच्या दिवस चालवू" म्हणून फिल्टर काढून इंजिन चालवणे तर मुळीच नको.

तेल: पाहायला एक मिनिट

जनरेटर चालू करण्यापूर्वी दर वेळी तेल पाहावे. यंत्र सपाट जागेवर ठेवावे, तेल पाहण्याची काडी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा घालून माप घ्यावे. बऱ्याच लहान इंजिनांत काडीचे झाकण फिरवून न बसवता नुसते टेकवून माप घ्यायचे असते. आपल्या यंत्राची रीत पुस्तिकेत पाहून घ्यावी.

काही जनरेटरांत तेल कमी झाले की इंजिन आपोआप बंद करणारी सोय असते. इंजिन चालूच होत नसेल तर प्लग आणि कार्बोरेटर खोलण्याआधी तेल पाहावे. पुष्कळदा दुखणे तेथेच सापडते.

नव्या इंजिनाचे पहिले तेल सुमारे २० तासांनी किंवा महिन्याभराने बदलतात, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचे बारीक कण तेलात उतरतात. पुढे साधारण १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. येथे "सहा महिने" हे शब्द महत्त्वाचे आहेत. शाळेचा जनरेटर वर्षभरात १०० तास क्वचितच चालतो, म्हणून "अजून तास भरले नाहीत" असे म्हणून तेच तेल वर्षानुवर्षे ठेवले जाते. न चालणाऱ्या इंजिनातही तेलात ओलावा शिरतो आणि जळणातून आलेले आम्लयुक्त अंश धातूला हळूहळू खात राहतात.

तेल बदलताना इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करावे, म्हणजे तेल पातळ होऊन गाळासकट बाहेर येते. इंजिन बंद करून खाली थाळी ठेवावी आणि बोल्ट काढावा. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. काढलेले काळे तेल गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा मैदानावर ओतू नये. ते घातक कचऱ्यात मोडते आणि जमिनीत मुरून विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचू शकते. बंद डब्यात साठवून ते जुने तेल रीतसर गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

पेट्रोलही शिळे होते

दूध नासते हे सर्वांना माहीत असते. पेट्रोल शिळे होते हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. टाकीत महिनोनमहिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट गोंदासारखा थर उरतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येण्याची भोके सुईच्या टोकाएवढी असतात. हा थर तेथे बसला की ती बुजतात. शाळेतला जनरेटर चालू न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

यात आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले आणि आता ते सर्रास मिळते. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसापासून बनते आणि आपला बेळगाव जिल्हा तर उसाचाच जिल्हा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती चांगली गोष्ट आहे. पण इथेनॉलचा एक गुण असा की ते हवेतले पाणी शोषून घेते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीलाही ओल येते, तेथे अर्धवट भरलेल्या टाकीचे काय होणार? पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाला पेट्रोल जाते ते तळातूनच. शिवाय जुन्या यंत्रांतल्या रबरी नळ्या अशा पेट्रोलाने फुगू किंवा चिरू शकतात. म्हणून नळ्या वरचेवर पाहाव्यात आणि भेगा दिसताच बदलाव्यात.

उपाय सोपे आहेत. लागेल तेवढेच ताजे पेट्रोल आणावे. काम झाल्यावर टाकीखालचा कॉक बंद करून इंजिन चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल जळून जाते आणि इंजिन आपणहून थांबते. महिन्याहून अधिक काळ यंत्र वापरायचे नसेल, जसे उन्हाळ्याच्या सुटीत, तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले पेट्रोलही काढावे. कॉकजवळ गाळ जमण्याची लहान वाटी असेल तर ती सहा महिन्यांतून एकदा काढून साफ करावी. ही सर्व कामे इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि आसपास काडी, विडी किंवा उदबत्ती नसताना करावीत.

प्लग, सायलेन्सर आणि बाहेरची सफाई

प्लग हा इंजिनाची नाडी सांगतो. तो काढून त्याचे टोक पाहावे. फिकट तपकिरी रंग असेल तर तब्येत ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी पडते आहे, फिल्टर पाहावा. ओलसर तेलकट असेल तर तेल वर चढते आहे, मिस्त्रीला दाखवावे. पांढराफटक असेल तर इंजिन जास्त तापते आहे. प्लगच्या दोन टोकांमधली फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते आणि ती फीलर गेजने मोजतात. आपल्या पालकांपैकी अनेकांच्या खिशात हे गेज असतेच! प्लग आधी हाताने आटे जुळवून बसवावा आणि मगच पाना लावावा. आटे चुकले तर ॲल्युमिनियमच्या हेडचे नुकसान होते.

इंजिन हवेने थंड होते. त्यासाठी सिलिंडरवर बारीक पाती असतात. या पात्यांत धूळ आणि तेल यांचा गिलावा बसला की इंजिन तापते. कोरड्या ब्रशने तो काढावा. अल्टरनेटरच्या जाळीवरची धूळही ब्रशने किंवा हवेच्या हलक्या झोताने काढावी. लोखंडाचा कीस विजेचा वाहक असल्याने तो आतल्या वेटोळ्यांवर साचू देऊ नये. जनरेटरवर नळीने पाणी मारून धुण्याची हौस कोणीही करू नये. मोटारसायकल धुतात तसा जनरेटर धुवायचा नसतो.

सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पण यंत्र दोन-तीन महिने उभे राहिले तर ते होऊ शकते. उंदीर कापडाखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून झाकण काढल्यावर आधी नीट पाहावे आणि मगच दोरीला हात घालावा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी असेल तर ती साधारण १०० तासांनी काढून काजळी झाडावी.

महिन्याची वीस मिनिटे

एवढी सगळी कामे ऐकून कोणी दचकू नये. रोजच्या धबडग्यात ठरावीक वेळ बाजूला काढला तर हे काम अजिबात जड नाही. आमची सूचना अशी की प्रत्येक महिन्याच्या पहिल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, वीस मिनिटे जनरेटरसाठी ठेवावीत. क्रम असा:

१. यंत्र उघड्यावर, सपाट जागी आणावे. झाकण काढून सगळीकडून पाहावे. सैल नट-बोल्ट आवळावेत.

२. तेल, पेट्रोल आणि हवेचा फिल्टर पाहावा.

३. काहीही न जोडता इंजिन चालू करावे. दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्यावे. आवाज आणि धूर यांकडे लक्ष द्यावे.

४. मीटरने व्होल्टेज पाहावे. ते साधारण २३० असावे.

५. मग निम्म्या क्षमतेइतका भार जोडून दहा-पंधरा मिनिटे चालवावे. नुसते रिकामे चालवले तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि काजळी धरते. भारावर चालल्याने अल्टरनेटरमधली ओलही निघून जाते.

६. भार काढावा, कॉक बंद करावा, इंजिन आपोआप थांबू द्यावे.

७. थंड झाल्यावर पुसून झाकावे आणि नोंदवहीत लिहावे.

नोंदवहीत तारीख, किती वेळ चालवले, तेल किती होते, काय साफ केले, काय बदलले आणि सही, एवढेच रकाने पुरेत. आज जो माणूस हे काम पाहतो तोच पाच वर्षांनी असेल असे नाही. पण वही राहते. विश्वस्तांनाही दुरुस्तीचा खर्च मंजूर करताना अंदाज घ्यावा लागत नाही, पान उघडले की सगळे दिसते.

याशिवाय सहा महिन्यांनी किंवा १०० तासांनी तेल, प्लग आणि गाळाची वाटी ही कामे. वर्षातून एकदा किंवा सुमारे ३०० तासांनी जाणकार मिस्त्रीकडून व्हॉल्व्हची फट आणि टाकीची सफाई. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच खरे मानावेत. एक सहामाही मृग नक्षत्रापूर्वी आणि दुसरी दिवाळीच्या सुटीनंतर ठेवली तर लक्षात ठेवायला सोपे जाईल. पावसाळा आणि वार्षिक परीक्षा या दोन्हींच्या आधी यंत्र तयार असेल.

भार किती टाकावा?

हे गणित सातवीतला विद्यार्थीही करू शकेल. समजा जनरेटर २००० वॉटचा आहे. तो सतत पूर्ण भारावर ताणू नये, ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १६०० वॉटपर्यंत ठेवावा. २० वॉटच्या २० एलईडी ट्यूब म्हणजे ४०० वॉट. ७५ वॉटचे ८ पंखे म्हणजे ६०० वॉट. एक प्रोजेक्टर ३०० वॉट. बेरीज १३०० वॉट. ठीक आहे. आता कोणी म्हणाले, "पाण्याची मोटारही लावू या", तर? एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, पण तेवढे काम देण्यासाठी मोटार त्याहून अधिक वीज ओढते आणि सुरू होताना तर क्षणभर त्याच्या कित्येक पट. यंत्र गुदमरते, व्होल्टेज पडते आणि त्याच वेळी चालू असलेल्या संगणकालाही धक्का बसू शकतो. म्हणून कोणते दिवे, पंखे आणि उपकरणे जनरेटरवर चालतील याची यादी करून ती बोर्डाजवळ चिकटवावी.

जिवाशी गाठ: धूर आणि उलटा करंट

यापुढचा भाग सर्वांनी, विशेषतः पालकांनी, लक्षपूर्वक वाचावा. शाळेतच नव्हे तर दुकानात, लग्नघरात आणि गणेशोत्सवाच्या मांडवातही असे जनरेटर चालतात.

पहिला धोका धुराचा. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते, त्यामुळे रक्तात प्राणवायू वाहून न्यायला जागाच उरत नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते, झोप येते आणि माणूस तसाच बेशुद्ध पडतो. पावसात भिजू नये म्हणून जनरेटर जिन्याखाली, व्हरांड्यात, गोदामात किंवा खोलीत आणून "खिडकी उघडी आहे ना" असे म्हणणे जिवावर बेतते. खिडकी उघडी असून भागत नाही. यंत्र पूर्ण उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर आणि धुराचे तोंड इमारतीच्या उलट दिशेला ठेवावे. पावसासाठी वर छप्पर हवे, पण चारही बाजू मोकळ्या असाव्यात. कोणाला चक्कर आली तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ ला फोन करावा.

दुसरा धोका उलट्या करंटचा. काही जण दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरचा करंट सरळ भिंतीवरच्या सॉकेटमध्ये देतात. घर उजळते आणि युक्ती जमली असे वाटते. पण मेन स्विच बंद नसेल तर तो करंट मीटरमधून बाहेर, रस्त्यावरच्या तारेत जातो. आपल्या भागातला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टपर्यंत उतरवतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो. आपल्या बाजूने २३० व्होल्ट गेले की पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट चढू शकतात. त्या वेळी त्या तारेवर कोण असतो? भर पावसात खांबावर चढून आपल्याच घरात उजेड यावा म्हणून फांदी काढणारा लाइनमन. लाइन बंद आहे असे समजून तो हात घालतो.

यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे, चेंजओव्हर स्विच. एका वेळी कंपनीची लाइन किंवा जनरेटर, दोन्ही एकत्र कधीच जोडले जाणार नाहीत अशी त्याची रचना असते. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावा. मेन स्विच आठवणीने बंद करण्यावर कोणीही विसंबू नये. माणूस विसरतो, स्विच विसरत नाही. यंत्राच्या चौकटीला अर्थिंग नीट जोडलेले आहे की नाही, तेही दर सहामाहीला पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट पेट्रोल भरण्याची. इंजिन चालू असताना किंवा गरम असताना टाकीचे झाकण उघडू नये. किमान पंधरा मिनिटे थांबावे. "पाच मिनिटे अंधार" हा काही मोठा त्रास नाही. पेट्रोलचा डबा वर्गखोल्या आणि स्वयंपाकाची खोली यांपासून दूर, कुलुपात ठेवावा.

दुरुस्तीचा वारसा

आपल्या गावाला या विषयाचे वावडे असण्याचे कारण नाही. १८८८ साली लक्ष्मणराव आणि रामुअण्णा या किर्लोस्कर बंधूंनी बेळगावातच सायकलींचे दुकान काढले. तेथून लोखंडी नांगर आणि मग १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना, असा तो प्रवास झाला. पुढे याच घराण्याने १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू केला आणि ती इंजिने देशभर शेतात पोचली. त्याच बेळगावात आज उद्यमबागेच्या शेडांतून घडलेले सुटे भाग दूरदूरपर्यंत जातात. यंत्र बनवण्याआधी यंत्र खोलून, पुसून, परत जुळवून समजून घ्यावे लागते. आमच्या मुलांनी ते शिकावे असे आम्हाला वाटते.

कोणी काय करावे?

विद्यार्थ्यांनी जनरेटरला स्वतः हात लावू नये. पण आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी महिन्याच्या शनिवारी शिक्षकांसोबत उभे राहून पाहावे, नोंदवही लिहावी आणि भाराचे गणित करावे. पुस्तकातला फॅरेडे तेथे डोळ्यांसमोर फिरताना दिसेल. घरी किंवा मंडळात कोणी जनरेटर खोलीत लावला किंवा दोन पिनांची वायर जोडली तर न घाबरता मोठ्यांना सांगावे.

पालकांपैकी जे फिटर, टर्नर, वायरमन किंवा मोटार मेकॅनिक आहेत त्यांनी वर्षातून एक शनिवार शाळेला द्यावा, ही नम्र विनंती. बारा महिने आणि बारा पालक, इतके साधे गणित आहे. आपल्या मुलाने आपल्या वडिलांना किंवा काकांना शाळेत यंत्र समजावून सांगताना पाहणे, याची किंमत वेगळी सांगायला नको.

विश्वस्त मंडळींनी तीन गोष्टींना मंजुरी द्यावी, असे आम्ही सुचवतो. चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंगची तपासणी, जनरेटरसाठी इमारतीपासून दूर, बाजूंनी मोकळी आणि वर पत्रा असलेली जागा, आणि दर सहामाही तेल, प्लग व फिल्टर यांसाठीची लहानशी तरतूद. नवा जनरेटर घेण्यापेक्षा हा खर्च फारच कमी आहे.

येत्या महिन्याचा पहिला शनिवार फार दूर नाही. नोंदवही आणि पेन तेवढे आणून ठेवू या. ज्या पालकांना यायचे आहे त्यांनी आपले नाव शाळेच्या कार्यालयात कळवावे. येताना जुनी सुती फडकी दोन-चार जरूर आणावीत.